फळीवरचं पितळ

जावई म्हणजे विष्णूचा अवतार, हे रामबाईला मान्य होतं. पण अवतारसुद्धा काम उरकलं की निघून जातात. कैलाश दिवाळीला आला तो धान कापून झालं तरी उठायचं नाव घेईना. त्यात गोंदियाला जाऊन त्याने जुन्या घरांच्या भूकंप-सुरक्षेचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, आणि शिकलेलं सगळं सासूच्याच घरावर आजमावायला बसला.

जावयाशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून रामबाई त्याच्यादेखत लेकीला सुनवायची. "रेणू, पाव्हण्याले इचार, दवनीवाड्यात भूकंप कवा आलता?"

"आला नाही, म्हणूनच बाकी आहे ना मामीजी!" कैलाश परस्पर उत्तर देई. सासूला तो मामीजी म्हणे. "उंचावर जड वस्तू ठेवायची नाही, हा नियम आहे."

त्या दिवशी रामबाईच्या नातीला, लेकाच्या दुर्गेश्वरीला, पाहायला आमगावचे पाहुणे यायचे होते. आधी दोन ठिकाणचे नाही म्हणून गेलेले. तिसऱ्यांदा नकार आला तर गाव बोट दाखवायला मोकळं. म्हणून रामबाईने चिंच लावून पितळ घासलं होतं आणि बैठकीतल्या फळीवर गुंड, गंज, हंडे ओळीने मांडले होते. पोवार समाजाच्या घरात पाहुणा आधी फळी पाहतो, मग माणसं.

ती न्हाणीतून येईस्तोवर कैलाशने फळी रिकामी केली होती. भांडी जमिनीवर, जड वेगळी, हलकी वेगळी, असे नीटनेटके ढीग. रामबाईने तोंड उघडलं आणि त्याच वेळी पाहुण्यांनी उंबरठा ओलांडला.

नवऱ्या मुलाची आई सुशिलाबाई दारातच थांबली. पितळेचे ढीग जमिनीवर कधी पडतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"काऊन वो बाई, हिस्से पाडून राहिले का?"

"नाई वो! कायचे हिस्से! एका चुलीवरचं घर हाय आमचं."

"मंग भांडे खाली कायले?"

"घर पडू शकते ना, म्हणून!" कैलाश उत्साहाने पुढे आला.

मुलाच्या मामाने वरच्या लाकडी मयालीकडे पाहिलं आणि खुर्ची हळूच दाराकडे सरकवली.

"रेणू," रामबाई दात आवळून म्हणाली, "पाव्हण्याले चिवडा दे. तोंड भरलेलं राहू दे त्याइचं."

"घबराने की बात नहीं," कैलाश म्हणाला. "करून दाखवतो." खिशातून शिट्टी काढून त्याने अशी फुंकली की कोंबड्या कुंपणापार झाल्या. "वाका! आडोशाला जा! डोकं झाका!"

सुशिलाबाई शब्दाला मान देणारी बाई. ती वाकली आणि बैठकीतल्या लाकडी पलंगाखाली, तख्तपोसाखाली शिरली. शिरली ती शिरली. कैलाशने दुसरी शिट्टी मारली, तरी बाहेर येईना. बाई भरल्या अंगाची, तख्तपोस बुटका.

"अडकली मी!" आतून आवाज आला.

विहीण होऊ घातलेल्या बाईला हात कोणी लावायचा? मामा आढ्याकडे पाहू लागला. सगळे कैलाशकडे वळले.

"आत जायचं शिकवलं," कैलाश घाम पुसत म्हणाला. "बाहेर काढायचं दुसऱ्या दिवशी राहते बहुतेक. आमचं एकाच दिवसाचं होतं."

"सरका तिकडे!" रामबाई जावयावर थेट ओरडली. रीत गेली चुलीत.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दुर्गेश्वरी आली. तिने ट्रे हंड्यावर टेकवला, ओढणी कमरेला खोचली आणि धानाने भरलेला कट्टा उचलावा तसा तख्तपोस एका बाजूने वर उचलला.

"निघा, बाई."

सुशिलाबाई निघाली. केसांत जाळं, कपाळाचं कुंकू नाकावर. गेलं हेही ठिकाण, असं रामबाईने धरलंच.

सुशिलाबाईने पोरीची मनगटं न्याहाळली. मग आपल्या मुलाकडे पाहिलं. तो मघापासून मामाच्या खुर्चीमागे उभा होता.

"याले सांभाळायले अशीच पोर पायजे," ती म्हणाली. "पसंत हाय. अना ह्या पाव्हण्यालेबी धाडून द्या एक डाव. आमचंबी घर जुनंच हाय."

पाहुणे परत फिरले तसा कैलाश फुगला. "पाहिलं मामीजी? नियम पाळले, सोयरिक जुळली! उद्याच आमगावला जातो."

रामबाईने रेणूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाव्हणे, भूकंप घडीभर हालवते अन् चालला जाते. तुमी हालवताबी अन् बसूनबी राहता. लगन लागेवरी आमगावचं नाव काढू नोका. अक्षता पडल्या का मी सोता तुमाले तिथं नेऊन घालतो. मंग त्याइचं घर पडो का राहो, आमची पोर हाय उचलून धरायले!"