नऊ सेंटिमीटर अलीकडे

फ्रीजरच्या दुसऱ्या कप्प्यात, मटारची पिशवी आणि माशांचे तुकडे यांच्या मधोमध उभ्या असलेल्या हिरव्या इंजिनाच्या धुराड्यावर साधारण दोन मिलिमीटर जाडीचा बर्फ साचला होता. हिलरी टॅटर्सॉलने तो नखाने खरवडून पाहिला, तापमापकावर नजर टाकली, उणे अठरा, आणि मटार काढून घेतले. शाळेच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला फ्रीजरमध्ये काय दिसावं याविषयी फारशा अपेक्षा उरत नाहीत.

"बरोबर बहात्तर तास," तिचा नवरा क्लाइव्ह मागून म्हणाला. "मग जुना गोंद ठिसूळ होतो आणि सांधे आपोआप सुटतात. यंदा हे इंजिन पळणार, हिलरी. लिहून ठेव."

"कुठं लिहू? सहा डायऱ्यांत आधीच लिहिलंय."

इंजिन होतं १९६० सालचं. सुट्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा खोका मिळायचा, तो नऊ वर्षांच्या क्लाइव्हने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून जोडला होता. जोडताना गोंदाने माखलेला अंगठा बॉयलरवर टेकला आणि तिथलं प्लास्टिक विरघळून अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. ते इंजिन कपाटावर ठेवून बघण्यासाठी होतं, पळण्यासाठी नव्हतंच. पण त्र्याहत्तराव्या वर्षीही क्लाइव्हला ते खोलून, साफ करून, मोटर बसवून पळवायचं होतं.

आता इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नव्हतं. ऑकनशॉ गावात याहून वाईट छंद असलेले नवरे पुष्कळ होते. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

सात वर्षांपूर्वी हिलरीची थोरली बहीण मुरिएल हिने तिच्या शेजारचा समुद्राकाठचा बंगला या दोघांसाठी धरून ठेवायला लावला होता. बंगल्याचे मालक मिस्टर थ्वेट तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे होते आणि लेकीकडे राहायला जाण्याच्या तयारीत होते. "तुमचं नक्की झालं की सांगा, मी निघतो," एवढंच त्यांचं म्हणणं. हिलरीचं नक्की होतं. लहानपणापासून तिला खिडकीतून भरती-ओहोटी दिसेल असं घर हवं होतं. समुद्रापासून नव्वद मैल आत राहून ती रोज सकाळी भरतीची वेळ डायरीत टिपत असे, एकही दिवस न चुकता.

क्लाइव्हला विचारलं तेव्हा तो इंजिनाचं चाक कानसत होता. "माझं हे इंजिन एक पूर्ण फेरी मारू दे," तो म्हणाला. "मग सांगतो जायचं की नाही."

तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलं होतं. तीन मोटरी जळल्या. एकदा इंजिन पळालं, पण उलटं. मिस्टर थ्वेट अठ्ठ्याण्णव वर्षांचे झाले. मुरिएल दर रविवारी फोन करायची आणि तब्येतीची चौकशी न करता विचारायची, "इंजिन कुठवर आलं?"

या रविवारी मात्र ती म्हणाली, "मिस्टर थ्वेटनी शेवटचं सांगितलंय. ईस्टरच्या सोमवारपर्यंत वाट बघतील. म्हणाले, मला लेकीकडे जिवंतपणी जायचंय."

त्या दुपारी जेवायला क्लबचा सचिव डेस्मंड पॉबजॉय आला होता. ऑकनशॉच्या छोट्या रेल्वेच्या क्लबात एकूण साडेचार सभासद होते. अर्धा म्हणजे फक्त हिवाळ्यात येणारा एक गृहस्थ. डेस्मंडने मांसाच्या कापांवर रस्सा ओतला, मटारचा मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबला.

"मटार जरा कडक आहेत गं."

"नीट उकडलेत मी. आठ मिनिटं."

डेस्मंडने तोंडातून काहीतरी काढलं, रुमालाला पुसलं आणि उजेडात धरलं. "हा इंजिनाचा धक्के झेलणारा बफर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पुढचा. डावा."

क्लाइव्हचा चेहरा उजळला. "म्हणजे सांधे सुटायला लागले."

"एक माझ्या दाढेनेही सुटला असेल," डेस्मंड म्हणाला आणि उरलेले मटार काट्याने एकेक करून तपासत बसला.

पुढचे दोन आठवडे घरात जेवणाची भांडी कमी आणि इंजिनाची भांडी जास्त होती. तुकडे लोणच्याच्या बरणीत जंतुनाशकात बुडाले, जुना रंग सालासारखा निघाला, आणि सगळ्या घराला दवाखान्याचा वास येऊ लागला. पोस्टमनने दारातच विचारलं, "आजारी कोण आहे?" हिलरी म्हणाली, "इंजिन." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पत्रं खिडकीत ठेवून तो निघून गेला.

मोटर बॉयलरमध्ये मावेना, म्हणून ती मागच्या कोळशाच्या डब्यात बसवली. डबा मागून नुसता टेकून इंजिनाला ढकलणार होता. मध्ये आकडी लावायचं काम क्लाइव्हने सर्वांत शेवटी ठेवलं होतं, आणि ते राहूनच गेलं. पण इंजिन इतकं हलकं की वळण आलं की रूळ सोडून पाखरासारखं उडायचं. पोटात वजन घालणं आलं.

दुसऱ्याच दिवशी डेस्मंड शिशाचे छर्रे आणि पांढऱ्या गोंदाची मोठी बाटली घेऊन हजर. "छर्रे बॉयलरमध्ये भर आणि वरून हा ओत. सगळे असंच करतात."

क्लाइव्ह आत चहा करायला गेला. हिलरीने बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली.

"डेस्मंड, या गोंदातून व्हिनेगरसारखं आम्ल सुटतं."

"असेल बुवा."

"त्याने शिसं गंजतं, पांढरं होतं आणि फुगतं. सहा महिन्यांत बॉयलर पावासारखा उमलेल. हे तुला ठाऊक नाही असं नाही. तुझं स्वतःचं काळं इंजिन असंच फुटलं होतं. मीच आले होते झाडायला."

डेस्मंडने टोपी हातात फिरवली. त्याचे कान तांबडे झाले. "हिलरी, क्लबात साडेचार माणसं आहेत," तो हळू म्हणाला. "रुळांखालच्या फळ्या क्लाइव्हच्या, रूळ क्लाइव्हचे, नियम क्लाइव्हचे. तो समुद्रावर गेला की मी त्या हॉलमध्ये नुसतं चहाचं पिंप घेऊन बसू का?"

"तिन्ही मोटरी कुणी आणून दिल्या होत्या?"

डेस्मंडने टोपी तांबड्या कानांवर ओढून घेतली.

हिलरीने आरडाओरडा केला नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. क्लाइव्ह न्हाव्याकडे गेला तेव्हा तिने छर्रे मोजून बॉयलरमध्ये भरले, एकशे चाळीस ग्रॅम, आणि पांढऱ्या गोंदाऐवजी दोन नळ्यांतलं मिसळून घट्ट होणारं चिकटवण ओतलं. चौथी मोटर तिने स्वतः मागवली होती. पांढरा गोंद तिने बागेच्या फाटकाला वापरला. ते अजून नीट लागत नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये क्लबचं वार्षिक प्रदर्शन भरलं. हॉलची जमीन एका अंगाला उतरती होती, म्हणून क्लाइव्ह दरवर्षी फलाटाच्या बाजूच्या टेबलाच्या पायाखाली पबमधल्या ग्लासखाली ठेवतात तशा पुठ्ठ्याच्या चकत्या सारायचा. यंदा सहा लागल्या. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आल्यावरच तो उठला आणि त्याने नियमांची पाटी लावली.

सातवं कलम लाल शाईत होतं: धावत्या गाडीला हात लावू नये. हात लागल्यास फेरी बाद. हे कलम त्याने १९८८ साली स्वतः लिहिलं होतं आणि त्यात कुणाचीही गय केली नव्हती. एकदा डब्यावर बसलेली माशी हाकलणाऱ्या पाद्रीसाहेबांचीही फेरी त्याने बाद केली होती. पाद्रीसाहेब पुढचे दोन रविवार प्रवचनात क्षमेवर बोलले, पण क्लाइव्ह बधला नाही.

क्लाइव्हच्या अटीची गोष्ट गावभर झालीच होती. अकरा वाजता हिरवं इंजिन फलाटावरून सुटलं तेव्हा हॉलमध्ये साठेक माणसं जमली होती आणि बेकन घातलेले पाव हातातच थंड होत होते.

इंजिन चाललं. अंगठ्याचा ठसा मिरवत, शिवणयंत्रासारखा आवाज करत, पण चाललं. पहिलं वळण झालं. पूल झाला. तेवढ्यात सिग्नल लाल झाला. सिग्नलचं बटण डेस्मंडच्या हाताखाली होतं.

क्लाइव्ह नियमाचा माणूस. त्याने विजेची कळ शून्यावर आणली. एक मिनिट गेलं, पाच गेली, अकरा गेली.

"सिग्नल बिघडलाय का रे?" त्याने विचारलं.

"तपासतोय," डेस्मंड छताकडे बघत म्हणाला.

हिलरी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "डेस्मंड," ती हळूच म्हणाली, "फाटकाला लावलेल्या गोंदाविषयी मी सगळ्यांना सांगू का?"

सिग्नल हिरवा झाला.

बोगद्यानंतर रुळावर प्लास्टिकची मेंढी निघाली. सकाळी ती कुरणात होती, हे हिलरीने पाहिलेलं होतं. तिने पर्समधून चिमटा काढला, मेंढी उचलली आणि कुरणात ठेवली.

"हात लागला," डेस्मंड ओरडला.

"मेंढी गाडी नाही," क्लाइव्ह म्हणाला. "फेरी चालू."

शेवटचं वळण झालं. फलाट समोर आला. आणि डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली, शिवणयंत्र खोकलं आणि गाडी थांबली.

हिलरीने पोलादी पट्टी काढून, रुळाला न टेकवता, अंतर मोजलं. फलाटाच्या खुणेपासून नऊ सेंटिमीटर अलीकडे. चहाच्या पिंपाला उकळी फुटली तरी कुणी तिकडे फिरकलं नाही. साठ माणसं बोटभर अलीकडे थांबलेल्या गाडीकडे बघत होती. कुणाचंही बोट पुरलं असतं, पण भिंतीवर लाल अक्षरं होती.

हिलरीचा फोन वाजला. "आलं का?" मुरिएलने विचारलं. "मिस्टर थ्वेट कोट घालून माझ्या स्वयंपाकघरात बसलेत."

"नऊ सेंटिमीटर राहिलंय."

"मग ढकल की."

"ढकलता येत नाही."

मुरिएलने "मिस्टर थ्वेट, कोट काढा," असं म्हटलेलं ऐकू आलं.

"चला, चहा घेऊ या," डेस्मंड मोठ्या आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास होता, पण हिलरीकडे बघायचं धाडस नव्हतं. माणसं पांगली. क्लाइव्ह "तार बघतो," असं पुटपुटून टेबलामागे वाकला. हिलरी पट्टी हातात घेऊन तिथंच उभी राहिली. सात वर्षांत तिने दोन हजार पाचशेहून जास्त भरत्या नोंदल्या होत्या, आणि यातली एकही पाहिली नव्हती. तिने पट्टी पर्समध्ये टाकली.

तेव्हाच टेबल किंचित कुरकुरलं.

इंजिन हललं. डबा होता तिथंच राहिला. इंजिन एकटंच, एखादे म्हातारे गृहस्थ जेवणावरून उठावेत तसं, सावकाश पुढे निघालं. सहा सेंटिमीटर. आठ. नऊ. बफर फलाटाच्या खुणेला टेकला आणि ते थांबलं.

चहाचे कप टाकून सगळे धावले.

"डबा मागे राहिला," डेस्मंड म्हणाला. "ही फेरी कसली?"

"अट इंजिनाची होती," हिलरी म्हणाली. "डब्याची नव्हती."

"कुणी तरी हात लावला असणार."

"मी इथंच बसलेय," पहिल्या खुर्चीवरच्या, काठी धरलेल्या आजीबाई म्हणाल्या. "कुणाचा हात लागला नाही. चष्मा घालून बघत होते."

क्लाइव्ह टेबलामागून उभा राहिला. त्याने खिशात हात घातला आणि टेबलाच्या पायाखालच्या पुठ्ठ्याच्या सहा चकत्या काढून फलाटाशेजारी एकावर एक रचून ठेवल्या.

"पायाने काढल्या," तो म्हणाला. "बुटाच्या टोकाने."

डेस्मंडने नियमांची पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग तो हिलरीकडे बघून खाली मान घालून म्हणाला, "कलमात हात लिहिलंय, क्लाइव्ह. पायाचा कुठं उल्लेख नाही."

"कलम मी लिहिलंय. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे," क्लाइव्ह म्हणाला. "फेरी बाद."

हिलरीने पर्स मिटली. तिला राग आला नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं.

क्लाइव्हने सर्वांदेखत हात पुढे केला आणि इंजिन रुळावरून उचललं. अंगठा त्या जुन्या ठशावर टेकवून पाहिला. ठसा त्याच्या अंगठ्याच्या निम्माच होता. त्याने इंजिन हिलरीच्या हातात दिलं.

"फळ्या इथंच राहतील, डेस्मंड," तो म्हणाला. "रूळसुद्धा. तेवढा पांढरा गोंद कुठं वापरू नकोस. चहा करताना सगळं ऐकू येतं." मग त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "हिलरी, मुरिएलला परत फोन लाव. मिस्टर थ्वेटना म्हणावं, कोट घाला. आपण जातोय."