गठाणीचं कपाळ

"काकू, त्या स्टिकरला हात नका लावू," असं पियूष म्हणाला तेव्हा वच्छलाबाईंचं बोट स्टिकरवर टेकलेलं होतं आणि बोटावर ओलं कुंकू होतं. नुसतं कुंकू असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण मागोमाग अक्षताही आल्या. काळ्या रेघांवर तांदूळ छान चिकटले, बायकांनी हात जोडले आणि बोरी अरबच्या जिनिंगमधली हंगामाची पहिली गठाण सासरी जायला तयार झाली.

आता गठाण सासरी कशी जाते, असं शहरातले लोक विचारतील. सरकी काढून उरलेली रुई दाबायची, कापडात गुंडाळून लोखंडी पट्ट्यांनी आवळायची, की झाली गठाण. ती पुढं कुठल्यातरी लांबच्या गिरणीत जाते आणि परत कधी येत नाही. मग ती लेकच झाली की नाही? म्हणून बोरीच्या जिनिंगमध्ये पहिल्या गठाणीची ओटी भरायची पद्धत होती. खणनारळ, तांदूळ, कपाळाला कुंकू, आणि मगच हमालांनी उचलायची. ओटी भरायचा मान वच्छलाबाईंचा, कारण शिवारात पहिली वेचणी त्यांच्याच वावरात व्हायची आणि पहिल्या गठाणीत त्यांचाच कापूस असायचा.

पूर्वी यात काही अडचण नव्हती. मॅनेजर यज्ञेश्वरराव पत्र्याचा साचा धरून काळ्या रंगानं गठाणीवर नंबर टाकायचे, त्याच्या वर भरपूर जागा उरायची, तिथं बाई कुंकू लावायच्या. यज्ञेश्वररावांच्या नखांतला तो काळा रंग होळीपर्यंत निघत नसे आणि त्यांच्या पत्नी सुचित्राताई त्यांना पुरणाला हात लावू देत नसत. पण मधे कापसाची पार दैना झाली. भाव पडले, लोक कापसाचं नाव काढलं की विषय बदलू लागले आणि जिनिंगला सलग दोन हंगाम कुलूप लागलं. यंत्रांवर कबुतरं बसायला लागली. यज्ञेश्वरराव त्या दिवसांतही रोज सकाळी येऊन फाटकाशी उभे राहत आणि कबुतरांना हाकलून परत जात.

तिसऱ्या वर्षी दक्षिणेतल्या एका सूतगिरणीनं बोलावणं धाडलं. एक ट्रक गठाणी पाठवून दाखवा, पण आमच्या पद्धतीनं. प्रत्येक गठाणीवर रेघांचं स्टिकर, बंदुकीसारख्या यंत्रानं ते वाचायचं, संगणकानं हो म्हटलं तरच फाटकाची पावती निघणार. ट्रक आज दिवस बुडायच्या आत निघाला तर हंगामभराचं काम बोरीला, नाही निघाला तर दुसऱ्या कोणाला. त्यासाठी नागपूरहून पियूष आला होता. पोरगा गुणी होता, पण गठाण लेक असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पियूषनं बंदूक रोखली. लाल उजेड कुंकवावर पडला, तांदळावर पडला आणि नुसताच पडून राहिला. एरवी ती बंदूक चिमणीसारखी टिवटिवायची, आता तिच्या तोंडून चकार शब्द निघेना.

"वाचत नाही, सर," तो यज्ञेश्वररावांना म्हणाला. "थांबा, पुसून बघतो."

आणि त्यानं खिशातला रुमाल काढून कुंकू पुसलं. पुसलं म्हणजे काय, सगळ्या स्टिकरभर फासलं. पण त्याहून वाईट ते पुढं झालं. हमालांचा मुकादम देवसिंग हातातला गठाण ओढायचा लोखंडी आकडा खाली ठेवून ट्रकच्या सावलीत जाऊन बसला आणि त्याच्यामागं सगळे हमाल जाऊन बसले.

"काय झालं, देवसिंग?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"सायेब, पोरीचं कुंकू पुसलं यानं. आता आमी नाही उचलत. घाटात टरक पलटला त कोन जिम्मेदार?"

"अरे यार, कापूस आहे तो," पियूष म्हणाला.

"मले मालूम नाही का? पाठीवर वागवतो मी तो. पन कुंकू त कुंकूच आहे ना."

पियूषनं निमूटपणे नवं स्टिकर छापलं आणि जुन्यावर चिकटवलं. ते नीट बसलंय की नाही हे तो पाहतोय तोच वच्छलाबाईंनी त्यावर नवं कुंकू लावलं. त्यांना वाटलं, पोराला चूक कळली आणि त्यानं कपाळ धुऊन दिलं. पियूषनं तिसरं स्टिकर छापलं.

"काकू, आता नका लावू."

"काहून? मोकळ्या कपाळानं धाडू काय तिले?"

"मागच्या बाजूला लावा ना. तिथं कितीही लावा."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडं फार दयेनं पाहिलं. "बाबू, पाठीवर कुंकू लावते का कोनी? तुह्या मायनं लावलं व्हतं का?"

पियूषनं आईला आठवून पाहिलं. बरं, स्टिकरच्या बाजूला लावावं तर गिरणीचा नियम असा की त्या तोंडावर स्टिकरशिवाय दुसरा ठिपकादेखील नको. म्हणजे कुंकवाशिवाय हमाल उचलेनात आणि कुंकू असलं तर बंदूक बोलेना. दिवस आपला कलत चालला होता. ट्रकवाला चाकावर एक एक लाथ मारत फेऱ्या घालत होता, त्यालाही निघायचंच होतं.

त्यात संगणक फुगून बसला. एकाच गठाणीची तीन स्टिकरं कशाला, असं त्यानं विचारलं आणि खाली कारणं दिली: फाटलं, भिजलं, हरवलं, इतर. पियूष प्रामाणिक. त्यानं 'इतर' निवडलं आणि पुढच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'कुंकू' असं लिहून टाकलं. कापसाच्या धंद्यात भेसळीला जेवढे लोक घाबरतात तेवढे विंचवाला घाबरत नाहीत. गिरणीतून लगेच फोन आला.

"ये कुंकू क्या केमिकल है?" पलीकडच्या साहेबानं तोडक्या हिंदीत विचारलं. "पूरा ट्रक रोक दो. टेस्ट होगा."

पियूषनं फोनवर हात ठेवून हे सांगितलं तेव्हा यज्ञेश्वरराव कचेरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. दोन वर्षं कबुतरं हाकलून माणूस थकतो हो. त्यांना रडूच येत होतं. खिडकीतून ओटी भरलेली गठाण दिसत होती आणि तिच्याभोवती बसलेल्या बायका. हंगाम मिळेल म्हणून त्या आज नवी लुगडी नेसून आल्या होत्या. यांना परत घरी जा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

"पियूष," ते म्हणाले, "तुझ्या स्टिकरवर त्या रेघांशिवाय आणखी काय छापता येतं?"

"काहीच नाही, सर. सगळं ठरलेलं आहे. फक्त वरती लोगोची जागा आहे, पण आपल्याला कुठं लोगो आहे? म्हणून मी ती काढून टाकली."

"परत टाक."

"पण लोगो?"

"गोल छाप एक. रिकामा," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि त्यांनी फोन हातात घेतला. जन्मात कधी खोटं न बोललेला हा माणूस विदर्भी हिंदीत धडाधड बोलू लागला. "नमस्ते साहब. केमिकल-विमिकल कुछ नहीं है. कुंकू हमारा लोगो है. लाल गोल रहता है. हाथ से लगाते हम लोग, पुराना तरीका है. कपडे के ऊपर, रुई को लगता नहीं."

"हाथ से?" साहेब म्हणाला. "हँडमेड?"

"एकदम."

"अच्छा है. लेकिन लोगो है तो सब गठान पर होना चाहिए. एक पर है, बाकी पर नहीं, ऐसा नहीं चलेगा."

यज्ञेश्वररावांनी फोन ठेवला आणि बाहेर येऊन ही बातमी सांगितली. वच्छलाबाईंनी ट्रकशेजारी मांडलेल्या ट्रकभर गठाणींकडं पाहिलं, मग हातातल्या करंड्याकडं पाहिलं.

"सगळ्याईले?"

"सगळ्यांना. नाहीतर ट्रक जात नाही."

"मंग बरंच झालं ना," त्या म्हणाल्या. "एकीले लावून बाकीच्याईले तसंच धाडाचं, हे मले पयलेपासूनच पटत नव्हतं. पन माह्यं कोन आयकते?"

पियूष स्टिकरं छापत सुटला. कुंकू संपलं तशा बायका घरोघर पळाल्या, बोरीतले करंडे गोळा झाले. पियूष गोल चिकटवायचा, मागून बाई बोट टेकवायची, त्यामागून बंदूक टिवटिवायची आणि देवसिंगची माणसं उचलायची. ट्रकवाल्यानं लाथा मारणं सोडून दोरखंड आवळायला घेतले. दिवस मावळतीला टेकला होता तेव्हा संगणकानं पावती काढली. पियूषची बोटं लाल, शर्ट लाल, आणि कोणीतरी त्याच्याही कपाळाला लावून टाकलं होतं. ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा वच्छलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. एका लेकीसाठी रडायची त्यांना सवय होती, आज ट्रकभर होत्या.

हंगाम मिळाला. पुढं काही वर्षं जिनिंग चांगलं चाललं, मग मालक थकले आणि ते कायमचंच बंद झालं. यज्ञेश्वरराव यवतमाळला राहायला गेले. कधी कोणी रुईचा विषय काढला की अजूनही त्यांना सरकीचा वास येतो आणि ते उगीच नखांकडं पाहतात.

परवा मेव्हण्याचा कापूस घेऊन ते राळेगावकडच्या एका नव्या जिनिंगमध्ये गेले. तिथं बंदूक वगैरे काही नव्हतं. गठाणीच्या स्टिकरात चिप, फाटकात यंत्र, ट्रक नुसता फाटकातून गेला की आतली एकेक गठाण रेडिओ लहरींवर आपणच हजेरी देते. मिताली नावाची तरुण इन्चार्ज त्यांना हे सगळं कौतुकानं दाखवत होती. माल त्याच दक्षिणेतल्या गिरणीला चालला होता. यज्ञेश्वररावांनी चष्मा पुसून स्टिकर पाहिलं. वरती एक गोल होता. रिकामा.

"हे काय आहे, बेटा?"

"ते मोकळंच ठेवायचं असतं, काका. त्यांच्या सगळ्या जिनिंगना तसंच आहे, गुजरातेतसुद्धा. ऑडिटमध्ये बघतात."

"पण कशासाठी?"

"सिग्नलसाठी," मिताली म्हणाली. "तिथून लहरी जातात. झाकलं तर अडतात."

यज्ञेश्वरराव हसत सुटले. मग बाकावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता बोरीला फोनही लावला. वच्छलाबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवावा लागला.

"वच्छलाबाई, तुमचा गोल अजून छापतात. सगळीकडं छापतात."

"हो काय? मंग कुंकू कोन लावते?"

"कोणीच नाही. त्यांना वाटतं सिग्नल जातो तिथून."

बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हंजे इतकी वर्सं पोरी मोकळ्या कपाळानंच जाऊन राह्यल्या काय?"

मितालीनं पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली सोडवली आणि समोरच्या गठाणीच्या गोलात नीट मधोमध चिकटवली. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तिनं हातानंच त्याला थांबवलं आणि पाकिटातल्या टिकल्या मोजायला लागली.

"भैया, गाडी बंद करा," ती म्हणाली. "आणि कोणाला तरी दुकानात पाठवा. एकीला लावून बाकीच्यांना कसं पाठवू?"