चार चाकांची वास्तुशांत

सुरतेत स्वतःचं घर असलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत. स्वतःची गाडी असलेलीही आहेत. पण ज्याचं घरच टेम्पोच्या पाठीवर बसवलेलं आहे, असा अख्ख्या सुरतेत एकच बँक कारकून आहे आणि तो म्हणजे मी! हे मी बँकेत सांगतो, भाजीवालीला सांगतो, आता तुम्हालाही सांगतो.

त्या घराला खिडकी आहे, ओटा आहे, दोन बिछाने आहेत, छतावर पाण्याची टाकी आहे. आणि भिंतींना खिळे आहेत! खिळ्यांचं काय एवढं, असं तुम्ही म्हणत असाल, तर तुम्ही भाड्याच्या घरात कधी राहिलेलेच नाही.

आमचे घरमालक भाईदासकाका तसे देवमाणूस. पर्वत पाटियाजवळ त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आजारी पडलो तर खिचडी वरपर्यंत पोचती करतील. फक्त एक अट, भिंतीला खिळा नाही! त्यामुळे आमचं कॅलेंडर फ्रिजला टेकून उभं, गणपतीची तसबीर खुर्चीवर बसलेली आणि पाहुणे उभे. साधा नारळ फोडला तरी काय ठोकताय म्हणून काका खालून ओरडायचे, "अविनाशभाई, शुं ठोको छो?"

सत्त्याण्णव सालची गोष्ट. अमेरिकेहून आलेल्या एका खातेदाराने बँकेत मला फोटो दाखवले. एक छोटा ट्रक, त्याच्या पाठीवर एक अख्खी खोली आणि पुढे खुर्च्या टाकून चहा पीत बसलेलं म्हातारं जोडपं! "ट्रकवर खोली ठेवायची आणि निघायचं. जिथं थांबू तिथं घर!" तो म्हणाला. पण माझी नजर अडकली होती दुसरीकडेच. त्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. म्हणजे खिळा होता! आणि तो ठोकताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, शुं ठोको छो!

नेमका तेव्हाच भाईदासकाकांना साड्यांच्या गाठी वाहणारा जुना टेम्पो विकायचा होता. तो मी घेतला. "आनुं शुं करशो?" काकांनी विचारलं. "घर!" मी म्हणालो. काका खूप हसले. दुसऱ्या दिवशी सुतार आला तेव्हा मात्र ते हसायचे थांबले.

सुतार म्हणजे सुपडू मिस्तरी. त्याने जन्मभर साड्यांच्या दुकानांचे कप्पे केलेले. खोली त्याने भक्कम केली, यात वाद नाही. पण आत शिरलं की वाटायचं, आता मांडी घालून बसावं आणि जरा रेशमी दाखवा म्हणावं! बिछान्यावर पडलं की कुणीतरी आपली घडी घालून ठेवून दिल्यासारखं व्हायचं.

तरीही मी खुशीत होतो. मी हातोडी घेतली आणि खिळे ठोकले! घड्याळाला ठोकला, कॅलेंडरला ठोकला, छत्रीला, पंच्याला, पिशवीला ठोकला. टांगायचं सगळं संपलं तेव्हा नुसतेच ठोकले! त्यातला एक टाकीच्या नळीत घुसला आणि घरात कारंजं सुरू झालं. सुपडूने तिथं काडेपेटीची काडी खुपसली, वर फटी बुजवायची लांबी थापली आणि म्हणाला, "साहेब, इथं टॉवेल लावा. म्हणजे दिसणार नाही आणि पुसलंही जाईल."

दर रविवारी मी टेम्पोखाली आडवा. ग्रीस भर, हवा बघ, छपराला डांबर लाव! टेम्पोच्या हौद्याच्या प्रत्येक फटीतून साड्यांच्या टाचण्या निघायच्या. त्या मी डोळ्यांनी शोधत नसे, पाठीने शोधत असे.

"अहो," आमची अरुणा गच्चीतून म्हणायची, "माणसं टेम्पोत सामान भरतात. संसार नाही! मी त्या डब्यात पाऊल ठेवणार नाही." शेवटी तिने निकाल दिला, "दसऱ्याला आईला बोलावते. ती हो म्हणाली तर ठेवा. नाही म्हणाली, तर दिवाळीच्या आत विकून टाकायचा!"

संपलंच! आमच्या सासूबाई, अमळनेरच्या अनुसयाबाई, यांना माझं आजवर काहीही पसंत पडलेलं नव्हतं. मिशी नाही, आंबा कापायची पद्धत नाही, सुरतेची बदली तर नाहीच नाही.

सासूबाई आल्या. टेम्पोभोवती एक सावकाश फेरी मारून त्यांनी विचारलं, "यात स्वयंपाक होणार?"

"हो, आई."

"यात झोपणार?"

"हो."

"मग हे घर झालं! वास्तुशांत केल्याशिवाय घरात राहायचं नसतं. दसऱ्याला करून टाका. मग बघू."

इथवर ठीक होतं. पण टेम्पोबरोबर मला त्याचा ड्रायव्हरही मिळाला होता, शिंदखेड्याकडचा भिकन. त्याला ही बातमी कळली आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "साहेब, चाकं शेतस ना? मंग ती गाडीच! दसराले गाडीनी पूजा व्हवाले पाहिजे. चाकखाले लिंबू ठेवानं, नारळ फोडानं. नि नारळ फुटना का गाडी थेट देवीना मंदिरले! वाटमा थांबानं नही!"

घर म्हणावं तर भिकन नाराज, गाडी म्हणावी तर सासूबाई नाराज. मी दोघांनाही "होईल, होईल" म्हणालो. बँकेत इतक्या वर्षांत मला तेवढंच नीट जमलेलं आहे! पण मुहूर्त सांगणारे गुरुजी एकच. दोघांनी त्यांनाच विचारलं आणि त्यांनी दोघांनाही तोच मुहूर्त दिला. हे मला फार उशिरा कळलं.

दसऱ्याची सकाळ. घरात, म्हणजे टेम्पोत, गुरुजी बसलेले. मधे विटांचा छोटासा होम पेटवलेला. ओट्यावर उतू घालवायला दूध ठेवलेलं, त्याच्यापाशी सासूबाई. आईचा हुकूम म्हणून अरुणाही नाक मुरडत आत आलेली. समई विझू नये म्हणून दार लावून घेतलेलं आणि धूर जायला खिडकी उघडी. मी पीतांबर नेसून, उघड्या अंगाने, यजमान!

"सुपाऱ्या?" गुरुजींनी हात पुढे केला.

सुपाऱ्या वर राहिल्या होत्या, फ्रिजवर, कॅलेंडरच्या मागे! मी दार उघडून बाहेर उडी मारली, दार पुन्हा लावलं. बाहेर भिकन. चाकांखाली लिंबं, टपाला झेंडूचं तोरण, हातात नारळ. मला बाहेर आलेला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"साहेब, फोडू का नारळ?"

"फोड, फोड!" मी जिना चढता चढता ओरडलो. मला वाटलं, घराचा नारळ. त्याला वाटलं, गाडीचा. आणि यजमान बाहेर आले म्हणजे आत कुणी उरलं असेल, हे त्या भल्या माणसाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

सुपाऱ्या मुठीत घेऊन मी खाली आलो. रस्त्यावर चार चपटी लिंबं होती, नारळाच्या करवंट्या होत्या. घर नव्हतं!

घरात चोरी झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण घरच गेलं, बायकोसकट गेलं, सासूसकट गेलं, गुरुजी आणि पेटता होमसुद्धा गेला, अशी तक्रार कुणाकडे करायची?

भाईदासकाका दारात उभे होते. "अविनाशभाई, घर क्यां गयुं?"

"काका, स्कूटर काढा!"

पुढे काका, मागे पीतांबर फडफडवत मी. पहिल्याच नाक्यावर फाफडा-जिलेबीची ही मोठी रांग. सुरतेत दसरा फाफड्याशिवाय उजाडत नाही. काकांचा हात आपोआप ब्रेकवर गेला. "दसेरा छे, जरा लई लउं."

"काका! माझी बायको आत आहे!"

"सासु पण छे?"

"हो!"

काका विचारात पडले. "तो तो वधारे लेवा पडशे," मग जास्त घ्यावे लागतील म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले! सगळी रांग माझ्या पीतांबराकडे बघत होती. मी स्कूटरच्या सीटकडे बघत होतो.

पुढे ज्याला त्याला विचारत सुटलो. "भाई, लाकडी घरवाला टेम्पो पाहिला?"

"वो आगवाला?"

खिडकीतून होमाचा धूर निघत होता ना! पर्वत पाटियावरची माणसं टेम्पोमागे "आग! आग!" ओरडत धावली होती. आणि भिकन? पुढे कळलं ते असं. त्याने टेपवर देवीची गाणी मोठ्याने लावली होती. लोक हात हलवून दसऱ्याच्या शुभेच्छा देताहेत असं समजून तो प्रत्येकाला नमस्कार करत पुढे जात होता! आतली मंडळी मधली फळी बडवत होती, तेही ढोलकीत मिसळून गेलं. एका चहावाल्याने मात्र धीराने खिडकीतून बादलीभर पाणी आत फेकलं. होम विझला नाही. गुरुजी विझले.

कामरेजच्या वाटेवर आमच्या खानदेशी मंडळींनी बांधलेलं देवीचं छोटं देऊळ आहे. तिथं टेम्पो उभा दिसला. भोवती गर्दी. खरं सांगतो, त्या क्षणी मला टेम्पोचं काहीएक वाटत नव्हतं. अरुणा धड असू दे, सासूबाई धड असू देत, टेम्पो विकून टाकतो, खिळे एकूणएक उपटतो, असं मी देवीला मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

भिकन धावत आला. डोळ्यांत पाणी! "साहेब, देवी पावनी! सारी वाट गाडीना मझार घंटा वाजी राह्यनी व्हती, आपोआप!"

त्याचं वाक्य संपायच्या आत दार उघडलं आणि हातात घंटा घेतलेले, ओलेचिंब गुरुजी उतरले. भिकनने त्यांना पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"अहो यजमान," गुरुजी कापऱ्या आवाजात म्हणाले, "संकल्पात स्थळ सांगावं लागतं हो! मी 'सुरत' म्हणेपर्यंत सुरत मागे पडली! मग खिडकीतून पाट्या वाचत संकल्प केला. सरथाणा म्हटलं, कामरेज म्हटलं. घाईत एका टायरच्या दुकानाचंही नाव घेतलं!"

मी आत डोकावलो. अरुणाच्या केसांत तांदूळ, गालावर हळद, आणि दोन्ही हातांनी तिने कॅलेंडरचा खिळा घट्ट धरलेला. समोर सासूबाई. तोंडाला राख, कपाळावर झेंडूची पाकळी, हातात छत्रीचा खिळा!

"जावईबापू."

"हो, आई."

"दूध उतू गेलं."

"हो... भिकन जरा जोरात..."

"चारी दिशांना उतू गेलं! एवढ्या वास्तुशांती पाहिल्या मी. दूध आपलं पूर्वेला जातं, नाहीतर उत्तरेला. चारी दिशांना? कुणाच्या घरी गेलं नाही!" त्यांनी हातातल्या खिळ्याकडे पाहिलं. "आणि हे खिळे."

मी डोळे मिटले.

"एकही निसटला नाही. चांगले ठोकलेत."

काय सांगू तुम्हाला! लग्नानंतर त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. त्यात अरुणाही हसून म्हणाली, "अहो, खिडकीतून वारा काय छान येतो!" टेम्पो वाचला! देवीला कबूल केलेलं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

"गुरुजींनी सगळ्या रस्त्याची शांत केलीच आहे," सासूबाईंनी पदर खोचला. "दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं. सुरतेची सीमा ओलांडलीच, आता राज्याची ओलांडू. भिकन, चल वणीला! गडावर जाऊन येऊ."

"आत्ता?" मी पायरीवर पाय ठेवला.

"अहो," अरुणा म्हणाली, "वरच्या घराला कुलूप लावलंय ना?"

मी मुठीकडे पाहिलं. मुठीत सुपाऱ्या होत्या. किल्ली नव्हती, कुलूप लावलेलं नव्हतं, अंगात सदराही नव्हता. आत बिछाने दोन. पुढे भिकनशेजारी गुरुजी जाऊन बसलेसुद्धा, राहिलेली पूर्णाहुती त्यांना गडावर करायची होती! काकांनी फाफड्याचा पुडा खिडकीतून आत दिला आणि टेम्पो सुटला.

"सुपाऱ्या!" मी मागे धावत ओरडलो.

भिकनने आरशातून मला नमस्कार केला.

तेव्हापासून माझं घर वणीला जाऊन आलं, त्र्यंबकला जाऊन आलं, शेगावला तर अमळनेरच्या अख्ख्या भजनी मंडळाला घेऊन जाऊन आलं. परत आलं की ग्रीस मी भरतो, डांबर मी लावतो, टाचण्या मी शोधतो. एकदा भीतभीत विचारलं, "आई, या खेपेला मला जागा?" त्या म्हणाल्या, "बघते. तोवर गुरुजींच्या पिशवीला एक खिळा ठोका. तिथं नको! तिथंही नको! मी सांगते तिथं." मी ठोकला. पिशवी गेली.

भाईदासकाकांना शेवटी माझी दया आली. गडावर टेम्पोपुढे काढलेला सगळ्यांचा फोटो लावायला त्यांनी वरच्या घरात एक खिळा ठोकायची परवानगी दिली. एकच! आता पाहुणे येतात, फोटो न्याहाळतात आणि हमखास विचारतात, "छान आहे हो! पण यात तुम्ही कुठे?"

मी फोटो जरा बाजूला सरकवतो आणि खिळा दाखवतो.