मामाच्या जिवावर हजामत

अंधश्रद्धा माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाही! चीनमधल्या यान्ताई शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो मी, थट्टा आहे का? म्हणे वर्षाच्या पहिल्या महिन्यात केस कापले की मामा मरतो! कात्रीचा आणि मामाच्या काळजाचा संबंध कुठल्या सूत्रात बसतो, सांगा!

म्हणून नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी मी ताठ मानेने सलूनमध्ये शिरलो. गिऱ्हाईक म्हणून चिटपाखरू नाही. तोंग न्हावी वेळ जात नाही म्हणून स्वतःच्या कुत्र्याचे केस कातरत बसला होता.

"मामा आहेत?" त्याने विचारलं.

"एकच आहे. ठणठणीत!"

"इस्टेटीवरून काही भांडण?"

"छे हो! कापा!"

घरी आलो. आईने माझी टोपी ओढली आणि किंचाळली, "मेल्या! माझ्या एकुलत्या भावाच्या मुळावर उठलास!" सणात 'मेला' हा शब्द उच्चारायचा नसतो, हेसुद्धा ती विसरली!

तेवढ्यात मामीचा फोन. "वन्सं, धावा! यांच्या छातीत कळ आलीय!"

आईने फोनवरच माझी हजामत जाहीर केली. विज्ञान दारातच राहिलं, आम्ही धावलो.

छुनशेंगमामा म्हणजे गल्लीच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे तहहयात अध्यक्ष! ते बाजारातल्या माशासारखे तोंड उघडून पडले होते.

"असल्या थोतांडावर माझा काडीचा विश्वास नाही," मामा कण्हले, "पण माझ्या छातीचा आहे!"

"मामा, सकाळपासून डंपलिंग किती हाणलीत?"

"आधी डोकं दाखव!"

दाखवलं. मामांनी डोळेच मिटले.

"उभा काय राहिलास? केस परत लाव!" मामी ओरडली.

आई सलूनकडे पळाली. नव्या वर्षाच्या पाचव्या दिवसापर्यंत केर काढला तर घरादाराची बरकत जाते, त्यामुळे सगळे केस तोंगच्या कोपऱ्यातच पडले होते. आईने पिशवी भरून आणले. दारावर सणाच्या लाल पट्ट्या चिकटवून उरलेली खळ मामीने माझ्या टाळूवर थापली.

"अगं आई, यातले निम्मे कुत्र्याचे..."

आईने असा चिमटा काढला की वाक्य तिथेच संपलं.

मामांनी एक डोळा उघडला. "कानावर जरा दाट लावा."

लावले. मामांनी खिडक्या थरथरतील असा ढेकर दिला आणि टुणकन उठून बसले! गालांवर लाली! मागून आलेल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "गॅस होता. गेला."

"गॅस नाही, मनोबल!" मामा गरजले आणि माझ्याकडे वळले. "युनपेंग, माणूस बरा होतो तो मनोबलाने! हे केस चिकटवणं वगैरे शुद्ध अडाणीपणा! विज्ञानाचा मास्तर ना तू? लाज नाही वाटत?"

"वाटते, मामा," मी म्हणालो. मान खाली घालणार होतो, पण खळ अजून ओली होती!