पेशींचं उष्टं पाणी

प्रयोगशाळेतल्या मामांनी गुरुवारी सकाळी सहाही बाटल्यांतलं पेशी पोसणारं गुलाबी पाणी नळीने ओढून ब्लीचच्या भांड्यात सोडलं, तळाला चिकटलेल्या पेशींना ताजं पाणी घातलं आणि बाटल्या उबदार कपाटात परत ठेवल्या. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. पेशी जपायच्या, त्यांचं उष्टं पाणी टाकायचं. हात धुऊन पुसताना त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली. तो त्यांनीच आदल्या दिवशी चिकटवला होता: ‘उद्या पाणी ठेवायचं, पेशी टाकायच्या.’

हात पुसायचे राहून गेले.

ही उलटी रीत मॅडमची. त्या चार वर्षं मूळ पेशींवर काम करत होत्या. म्हणजे ज्यांच्यापासून पुढे हाड, कूर्चा असं बरंच काही घडू शकतं, त्या पेशी. जखमेत त्या सोडल्या की जखम भरायला मदत होते, पण मॅडमचं म्हणणं असं की, हे काम त्या पेशींपेक्षा त्यांच्यातून पाझरणारी प्रथिनं जास्त करतात. ती शेजारच्या दमलेल्या पेशींना हाक मारून उठवतात. तेव्हा पेशी कशाला, पाझरच द्यावा. “गाणारा उठून गेला तरी कानात सूर राहतोच ना, मामा? आपल्याला तो सूर हवाय,” असं त्यांनी समजावलं होतं. मामांच्या मनाला ते पुरतं पटलं होतं. हातांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी समिती येणार होती. तिच्यापुढे एक साधा प्रयोग मांडायचा होता. दोन बशांत कातडीच्या पेशींचा थर, दोन्हींवर सुईने एकेक ओरखडा. एकीत पाझराचं पाणी, दुसरीत पेशींनी न उष्टावलेलं कोरं, आणि एका दिवसात कुठला ओरखडा बुजतो ते पाहायचं. पटलं तर काम पुढे चालणार, नाहीतर खोलीला कुलूप. मॅडमच्या वडिलांच्या पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती. त्या कधी बोलून दाखवत नसत, पण मामांना ते ठाऊक होतं.

“मामा, पाणी काढलंत का?” मॅडमनी आत येत विचारलं.

“काढलं.” इथवर खरं होतं.

“कुठंय मग?”

इथे खरं संपलं. मामा “आणतो” म्हणाले, आतल्या खोलीत गेले, एका बाटलीत कोरं गुलाबी पाणी भरलं आणि वळणदार अक्षरात तिच्यावर ‘पाझर’ असं लिहिलं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत एक बशी फुटली नव्हती की एक नोंद चुकली नव्हती. आणि नेमकं मंदिर बांधून झाल्यावर कळसाला तडा जावा, तसं झालं. मॅडमनी ती बाटली दोन्ही हातांनी घेतली, तेव्हा मामांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्या संध्याकाळी घरी मामांच्या ताटातलं अन्न हलेना. मामी ताट उचलत म्हणाल्या, “माणसाला भूक नसली की समजावं, पोटात आधीच काहीतरी बसलंय. ते काढा बाहेर, मग जेवा.”

शुक्रवारी मामा तेवढ्यासाठीच लवकर पोचले. पण मॅडम त्याआधीच, रंगीत तालीम म्हणून काल ओरखडलेल्या दोन बशा घेऊन सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या.

“मामा, बघा. पाझराच्या बशीत कडा किती पुढे सरकल्यात. कोऱ्या बशीत एवढं नाही.”

मामांनी पाहिलं. दोन्ही ओरखडे सारखेच होते. असणारच, दोन्हींत एकच पाणी होतं. पण मॅडमना फरक दिसत होता, आणि तो त्या वहीत टिपूनही घेत होत्या. मामांच्या ध्यानात आलं की, आपलं खोटं आता आपल्यापुरतं उरलेलं नाही. ते मॅडमच्या डोळ्यांत शिरलंय, आणि सोमवारी त्यांच्या तोंडून, त्यांच्या नकळत, चारचौघांत बोललं जाणार आहे.

“ताई,” मामा म्हणाले. मॅडमना ते प्रथमच ताई म्हणत होते. “दोन्ही बशांत कोरंच पाणी आहे. खरं पाणी मी टाकून दिलं.”

मॅडमनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं, या बशीत, त्या बशीत, आणि खाली बसल्या.

“मग मला दिसलं ते काय होतं?”

उत्तर त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं: जे दिसायला हवं होतं, तेच. मग त्यांनी विचारलं, “आणि पेशी? त्यापण टाकल्यात?”

“नाही. नेहमीसारख्या जपल्या.”

मॅडमनी मान वर केली. जिवंत पेशी कालपासून ताज्या पाण्यात बसून पाझरतच होत्या. ज्या सवयीने पाणी गेलं होतं, तिनेच पेशी वाचवल्या होत्या.

शनिवारी पाणी काढलं. ते काढताना मामांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हाताने धरला होता, असं मामी पुढे कित्येकांना सांगत. रविवारी नवे ओरखडे पडले. या खेपेला मॅडम खोलीबाहेर थांबल्या.

“कुठल्या बशीत काय घालताय ते मला सांगू नका. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तुम्ही चिठ्ठीवर लिहा आणि खिशात ठेवा.”

सोमवारी समितीतल्या पांढऱ्या मिशांच्या साहेबांनी दोन्ही बशा पाहिल्या. एकीतला ओरखडा जवळजवळ बुजला होता, दुसरीतला अर्ध्यावर होता. त्यांनी मॅडमना विचारलं, यातली पाझराची कुठली? मॅडमनी आपल्याला ठाऊक नसल्याचं सांगून मामांकडे बोट दाखवलं. मामांनी चिठ्ठी काढली. बुजलेली बशी पाझराचीच होती.

साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, मग मामांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“म्हणजे सगळा प्रयोग या गृहस्थांच्या शब्दावर उभा आहे. हे खरंच बोलतात कशावरून?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “यांना खोटं चोवीस तासांवर पचत नाही, साहेब. तो प्रयोग आमचा आधीच झालाय.”