जवाईबापूंचा खिळवून ठेवणारा बायोडाटा

"पांढुर्ण्यात लेखक किती?" असं कोणी विचारलंच, तर विजय छाती पुढे काढून सांगायचा, "एक! अन् तो तुमच्या समोर बसून चाय पिऊन राहिला!"

त्याने तोवर एक ओळही लिहिलेली नव्हती, पण तो तपशील झाला. तयारी मात्र अशी जय्यत, की नवरी पाहायच्या आधीच बँडवाल्याला सुपारी देऊन बसलेला नवरदेवही त्याच्यापुढे आळशी ठरावा!

विजय एका सरकारी कचेरीत आवक-जावक पाहणारा बाबू. तिथे आवक कमी आणि जावक त्याहून कमी, त्यामुळे मोबाइल पाहायला दिवस मोकळा. होतकरू लेखकांसाठी इंटरनेटवर जे जे फुकट होतं, ते ते त्याने गोळा केलं होतं. शीर्षकाला शंभरपैकी गुण देणारी एक साइट, वाईट वाक्याला लाल रंग फासणारी दुसरी, पात्रांना नावं सुचवणारी तिसरी, आणि 'घरबसल्या फ्रीलान्स लेखक व्हा!' असं रोज सकाळी दटावणारी चौथी. एक साइट तर लेखकाने पाणी केव्हा केव्हा प्यावं एवढंच सांगायची! तिचा सल्ला मात्र त्याने तंतोतंत अमलात आणला होता. शिवाय एका ऑनलाइन शिकवणीचं प्रमाणपत्र बैठकीत, लग्नाच्या फोटोच्या वरच्या खिळ्याला टांगलेलं होतं: 'विजय यांनी लेखनकला आत्मसात केली आहे.'

त्याची बायको उर्मिला शाळेत शिकवायची. ती कधी कधी विचारायची, "लिहिलं का मंग काई?"

"आत्ता साधनं जमवून राहिलो."

"सुतारबी रंधा घेतल्यावर एखादा पाट तरी करते बापा!"

असे टोमणे सोसणं हे लेखकाचं भागधेय आहे, असंही एका साइटवर दिलेलं होतं. त्यामुळे विजय खूश असायचा.

आणि एके दिवशी काम चालून आलं! उर्मिलाचं माहेर तिगावचं. तिचा धाकटा भाऊ वैभव तिथे संत्र्याचा बगीचा सांभाळायचा. पोरगा कष्टाळू, देखणा, घरचं सारं ठीक. पण त्याला मुलगी मिळत नव्हती. हल्ली मुलीवाल्यांचं म्हणणं असं, की संत्री बगीच्यातली हवीत आणि जावई कचेरीतला! कचेरीत तो माशा मारत असला तरी चालेल. सात-आठ ठिकाणांहून 'कळवतो' असं आलं होतं आणि कोणी काही कळवलं नव्हतं. आता सौंसरच्या गजाननजींची मुलगी नेहा हिचं स्थळ सुचलं होतं. गजाननजींचं हार्डवेअरचं दुकान होतं, माणूस चोख. वैभवचे वडील नत्थूजी म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही लिहिणारे. तेवढा बायोडाटा करून द्या."

"बाबा, नमुना प्रेसवाल्यापाशी भेटते," उर्मिला घाईघाईने म्हणाली.

"नमुना!" विजय कळवळला. "सालस, सुस्वभावी, मनमिळाऊ! असे हजार पडले हायेत. वाचणाऱ्याले खिळवून ठेवलं पायजे!"

कचेरीतल्या टेबलावर त्याने नत्थूजींनी दिलेली माहिती समोर ठेवली आणि साऱ्या साइटी उघडल्या. 'वैभव यांचा परिचय' या शीर्षकाला शंभरात अकरा गुण पडले. विजयने घाम पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि नवं शीर्षक टाकलं: 'तिगावच्या बगीच्यात दडलंय काय? एका तरुणाची थरारक कहाणी!' गुण त्र्याण्णव! त्याचे डोळे भरून आले. एवढे तर त्याला दहावीच्या मराठीतही पडले नव्हते.

मग मजकूर. नत्थूजींनी सांगितलं होतं, मुलगा दारू पीत नाही. यातल्या 'नाही'वर लगेच लाल रंग चढला. नकारात्मक शब्द टाळा! विजयने बराच विचार करून लिहिलं, 'दारूशी त्याचं नातं फार लांबचं आहे.' रंग हिरवा झाला. पुढे होतं, स्वभाव शांत. त्यावर आणखी एक साइट ओरडली, सांगू नका, दाखवा! मग विजयने कानावर आलेलं एक भांडण दाखवलं: 'शेजारच्या श्रीकांतने शेताचा बांध-धुरा कोरला, तेव्हा वैभवने हातातली कुऱ्हाड हळूच खाली ठेवली.' अजून एकीचा आग्रह, की नायकात काहीतरी उणं हवं, निर्दोष नायक कंटाळवाणा. वैभवमध्ये उणं काही सापडेना, म्हणून विजयने पदरचं घातलं: 'वरून हसरा, पण एक जुनी जखम तो कोणाला दाखवत नाही.' आणि शेवट तर असा हवा, की वाचणाऱ्याला झोप लागू नये! त्याने लिहिलं, 'आणि मग त्या संध्याकाळी बगीच्यात जे घडलं... ते प्रत्यक्ष भेटीतच!'

छापण्याआधी चार वाचकांची मतं घ्यावीत, असाही एक सल्ला होता. विजयने तो मजकूर तिगावच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. चारच्या जागी अख्खं गाव झालं, पण वाचक जितके जास्त तितके बरे! मग फोटो जोडून तो सौंसरला पाठवला आणि पाय लांब करून बसला.

तासाभरात फोन आला.

"हॅलो, मी सौंसरहून गजानन बोलून राहिलो. हे दारूचं नातं लांबचं, म्हंजे काय जी? लांबून आणते का?"

"नाई जी! लांबचं म्हंजे... दूरचं."

"दूरचं का होईना, नातं हाय ना? अन् कुऱ्हाड कायले होती हातात?"

"शेतीवाला माणूस हाय जी. कुऱ्हाड त असतेच."

"माया दुकानात भिंतभर कुऱ्हाडी हायेत. म्हून का मी पोरीच्या बायोडाटात टाकल्या? बरं, त्या संध्याकाळी काय घडलं?"

विजयने कपाळ खाजवलं. काय घडलं ते त्यालाही माहीत नव्हतं. ठरवायचंच राहून गेलं होतं!

"ते... भेटल्यावर," तो म्हणाला.

"भेटाचं कुठं? घरी का ठाण्यात?" असं म्हणून गजाननजींनी फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ते चौकशीला तिगावात हजर झाले. स्टेशनजवळच्या टपरीवर त्यांनी चहा मागवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "नत्थूजीचा पोरगा कसा हाय?"

अशा प्रश्नाची टपरी वाटच पाहत होती! ग्रुपवर सगळ्यांनी वाचलेलं होतं आणि शेवट कोणालाच माहीत नव्हता, त्यामुळे ज्याने त्याने तो आपापल्या घरी तयार करून आणला होता.

"जखम म्हंजे नागपूरची पोट्टी होती म्हणते जी," एक जण म्हणाला.

"काहून बावा खोटं सांगतं? बगीच्यात सोन्याचा हंडा सापडला! उगाच नवी मोटर बसवली का विहिरीवर?"

"हंडा नाई, बिबट होता बिबट!"

चौथ्याला काहीच सुचलं नव्हतं. पण मागे राहायचं कसं? तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "म्या त डोयानं पाह्यलं. पण दुसऱ्याच्या पोराचं लगन हाय, मी काई सांगत नाई!"

गजाननजींनी अर्धा चहा तसाच टाकला. साऱ्यांत जास्त नुकसान या चौथ्याने केलं.

इकडे नत्थूजींच्या दारात शेजारी श्रीकांत येऊन उभा राहिला, तोही कुऱ्हाड घेऊन! "म्या कवा तुमचा धुरा कोरला? माया सासुरवाडीपर्यंत गेलं ते! सासरा फोनवर इचारून राहिला, जवाई चोर हाय का म्हून!" त्याला बसवून, पाणी पाजून, कुऱ्हाड काढून घेईपर्यंत नत्थूजींचा घसा कोरडा पडला. पुढल्या सकाळी ते बगीच्यात गेले, तर झाडांच्या बुडाशी खड्डे! हंड्याच्या नादाने कोणीतरी अंधारात खणून गेलं होतं. दोन झाडं आडवी झालेली.

वैभवची आई शकुबाई फोनवर रडत होत्या. उर्मिलाने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "आत्ताच्या आत्ता गजाननजीले फोन लावा, अन् खरं काय ते सांगा!"

विजयही आतून घाबरला होता. पण लेखक घाबरला की काय करतो? साइट उघडतो! होतकरू लेखकांच्या एका ऑनलाइन मंडळात त्याने विचारलं, 'वाचकाने भलताच अर्थ काढला तर लेखकाने काय करावं?' क्षणात उत्तर आलं. देणाऱ्याच्या नावापुढे टाकाचं चित्र होतं, म्हणजे माणूस अधिकारी असणार. 'थोर लेखक कधीही खुलासा करत नाही.'

"खुलासा केला त कलाकृती मरते," विजय खालच्या आवाजात म्हणाला.

"अन् नाई केला त माया भाऊ कुवारा मरते!" उर्मिला कडाडली. तिने स्वतःच सौंसरला फोन लावला, पण गजाननजींनी तो उचलला नाही.

सारं संपलं असं वाटत असतानाच रविवारच्या आदल्या दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज नाखुशीचा होता. "माया मनात नाई. पण पोरगी म्हणून राहिली, एकदा पोराले बोलवा अन् तोंडावर इचारा. उद्या या."

विजय खुर्चीवरून उडालाच! "पाह्यलं? वाचक अडकला! शेवट कळल्याबिगर तिले चैन नाई पडून राहिली!" त्याच भरात त्याने बुटांना पॉलिश केलं.

सौंसरला गजाननजींचं घर दुकानाच्या वरच होतं. बैठकीत एका बाजूला नत्थूजी, शकुबाई, उर्मिला, विजय आणि नवा शर्ट घालून घामाघूम झालेला वैभव, दुसऱ्या बाजूला हाताची घडी घातलेले गजाननजी. त्यांच्या बायकोने, नलिनीबाईंनी, पोहे आणि त्यावर घालायला झणझणीत तर्री आणून ठेवली. नेहा येऊन आईच्या शेजारी बसली. पोह्यांना कोणी हात लावण्याआधीच गजाननजींनी तोंड उघडलं.

"पाहा बापू, मी सीधा माणूस हाय. दारू पितं का?"

विजयने घसा खाकरला, "त्याचं असं हाय, की..."

"तुम्ही नाई! पोराले बोलू द्या."

"नाई पीत जी," वैभव म्हणाला.

"कुऱ्हाड कायले होती?"

"वाळल्या फांद्या छाटून राहिलो होतो. श्रीकांतभाऊ धुऱ्यावर आले, त ठेवली खाली अन् बोललो. अर्ध्या तासात मिटलं बी."

"अन् त्या संध्याकाळी काय झालं बगीच्यात?"

वैभव कानापर्यंत लाल झाला. विजयनेही श्वास रोखला, कारण शेवट काय होणार हे त्यालाही ऐकायचं होतं!

"कोणत्या संध्याकाळचं म्हणता, मले नाई मालूम," वैभव म्हणाला. "एकदा रानडुक्कर आलं होतं. मी भेलो. चढलो झाडावर. आता संत्र्याचं झाड ते केवढं! मी वर, डुक्कर खाली, अन् पाय लोंबून राहिले त्याच्या नाकापाशी. बाबा थाळी वाजवत आले, मंग गेलं ते."

कुठूनतरी खुसखुस ऐकू आली. गजाननजींनी मिशीवर बोट ठेवलं. "अन् ती जुनी जखम?"

"संत्र्याले काटे असते ना जी."

"कुठं लागले?"

वैभवने खाली पाहिलं. "बसतो तिथं."

नलिनीबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. नेहा इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नत्थूजी हसले, शकुबाई कित्येक दिवसांनी हसल्या, आणि शेवटी गजाननजींच्या हातांची घडीही सुटली. "अबे, हे असं सीधं लिहाले काय झालं होतं?" ते म्हणाले. सगळ्यांनी विजयकडे पाहिलं. विजयने पोह्यांकडे पाहिलं.

नेहा आणि वैभव गच्चीवर बोलून आले. खाली येताना वैभवचा चेहरा संत्र्याच्या आंबिया बहरासारखा फुललेला होता, आणि नेहाने आईच्या कानात काय सांगितलं ते सांगण्याआधीच सगळ्यांना कळलं. गजाननजींनी पेढे मागवले.

अशा वेळी शहाण्या माणसाने पेढा खावा आणि गप्प बसावं. पण समाधानी वाचकाची प्रतिक्रिया ताबडतोब मागून घ्या, असं फ्रीलान्सवाल्या साइटने बजावून ठेवलं होतं. विजय पुढे सरकला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नेहाताई, एक वाचक म्हून खरं खरं सांगा. बायोडाटात नेमक्या कोणत्या वाक्यापाशी तुम्हाले वाटलं, की याले भेटलंच पायजे?"

नेहाने भाबडेपणाने त्याच्याकडे पाहिलं. "बायोडाटा? तो त बाबांनी वाचला, भाऊजी. मी फोटो पाह्यला."

पेढा विजयच्या घशात अडकला. उर्मिलाने पाठीत जरा जास्तच जोराने थापट्या मारल्या. शकुबाई त्याच्याजवळ सरकल्या, डोक्यावरचा पदर सावरला, आणि जावयाचा मान राखून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जवाईबापू, लग्नाची पत्रिका प्रेसवाला करून देते. तुम्ही फकत जेवाले या."