गणपतदादांची चिमणी

गणपतदादांच्या घरी पाहुणा आला की पाणी मिळायच्या आधी त्याला स्वयंपाकघरात नेलं जाई. तिथे गॅसच्या वर बसवलेली चिमणी होती. बटण न दाबता, नुसता समोरून हात फिरवला की सुरू होणारी. "मच्छर हाकलल्यासारखा नाय फिरवायचा. म्हशीच्या पाठीवरून फिरवतो तसा," दादा शिकवायचे, आणि जमेपर्यंत माणसाला सोडायचे नाहीत. माझे सासरे एकदा बराच वेळ त्या चिमणीला टाटा करत उभे होते.

महाडला आमच्या बिल्डिंगमध्ये दादा समोरच राहतात. सगळी नोकरी त्यांनी कारखान्यात काढली, बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहून. बायको, यशोदावहिनी, पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीत म्हशी आणि शेती सांभाळायच्या. दादा सुट्टीपुरते घरी जायचे. चुलीच्या धुराने वहिनींना खोकला जडला होता, तो दर सुट्टीत थोडा वाढलेला दिसायचा.

निवृत्त झाल्यावर दादांनी हा फ्लॅट घेतला आणि खाट-कपाटाच्या आधी चिमणी बसवली. फोनवर बायकोला सांगितलं, चिमणी आणलीय. वहिनींना वाटलं रॉकेलची. महाडात लाईट नाय काय, असं त्यांनी विचारलं म्हणे.

वहिनी आल्या आणि दोघांचं शीतयुद्ध सुरू झालं. दादा चिमणी तीनवर, म्हणजे पूर्ण जोरात ठेवायचे. वहिनी गुपचूप बंद करायच्या. दादा दारातूनच हात फिरवत आत यायचे. भिंतीपलीकडून आम्हाला ती घरघर सुरू, बंद, पुन्हा सुरू झालेली ऐकू यायची. शेवटी वहिनींनी नाद सोडला. खोकला मात्र खरंच कमी झाला, आणि दादा जिन्यात भेटेल त्याला ते सांगायचे.

दुपारी वहिनी आमच्याकडे येऊन बसायच्या. माझी बायको सुनीता आणि त्या, दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी झोपेतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. दिवसकार्य उरकून मुलगा आणि सून नोकरीच्या गावी परतले. दादांनी पाहुण्यांना स्वयंपाकघरात नेणं बंद केलं. डबा लावला.

मग एके दुपारी ते आमच्याकडे आले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुनीताला म्हणाले, "ताई, यशोदा तुमच्याशी काय बोलायची?"

सुनीता आठवेल तसं सांगू लागली. विकलेल्या म्हशींची नावं. वाडीतल्या घरात एकटीने काढलेल्या रात्री. आणि महाबळेश्वर. घाटातून वर जाणाऱ्या गाड्या वहिनींनी जन्मभर दारातून बघितल्या होत्या, एकदा नवऱ्याबरोबर त्यांना वर जायचं होतं.

"तुम्हाला विचारलं होतं त्यांनी," सुनीता म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात ना?"



"भाकऱ्या थापताना ती बोलायची," दादा म्हणाले. "चिमणी तीनवर. मला काय ऐकू यायचं नाय. तिचं ओठ हललं की मी मान हलवायचो."

महाडहून महाबळेश्वर काही लांब नाही, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. हे दादांनाही माहीत होतं.

"वाट बघत होती काय?"

सुनीताला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हो. साडीपण काढून ठेवली होती."

"कुठली?"

"हिरवी. मुलाच्या लग्नातली."

दादांनी कप खाली ठेवला. आता उठतील असं मला वाटलं. पण त्यांनी पाय वर घेतले, मांडी घातली आणि सुनीताकडे तोंड करून नीट बसले.

"अजून सांगा," म्हणाले.